लाल पाण्याचे खाते

१९९६ चा जून महिना. डिचोली तालुक्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी घाटावरचा माणूस. पाऊस म्हणजे आभाळाकडे डोळे लावून ज्याची वाट पाहायची ती गोष्ट, एवढीच माझी समजूत. गोव्यात आल्यावर कळले की इथला पाऊस पाहुणा म्हणून येत नाही, घरमालक म्हणून येतो. अशाच एका धो धो सकाळी एक वयस्क शेतकरी दाराशी छत्री ठेवून आत आले. पीककर्जाचे नूतनीकरण हवे होते. मी फाईल उघडून मागच्या दोन वर्षांची थकबाकी दाखवली. त्यांनी काही न बोलता पिशवीतून काचेची एक बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत विटेच्या रंगाचे पाणी होते. "सायबा, हें आमच्या शेतांत येता," एवढेच ते म्हणाले.

"काका, बसा," मी म्हटले. पण त्या बाटलीचे काय करायचे ते मला कळेना. कर्जाच्या अर्जासोबत जोडायच्या कागदपत्रांच्या यादीत तिला जागा नव्हती.

काका चहा घेऊन गेले, बाटली मात्र तिथेच राहिली. मी ती कपाटावर ठेवून दिली. त्यांचा चहा संपेपर्यंत तळाशी रेतीची एक रेघ बसली होती. संध्याकाळी रोकड जुळवून होईपर्यंत तिच्यावर पिठासारख्या गाळाचा दुसरा थर आला. वरचे पाणी मात्र आठ दिवस झाले तरी फिक्या चहासारखेच. शिपाई रोज विचारायचा, "टाकून देऊ का?" मी रोज "राहू दे" म्हणायचो. का, ते मलाही सांगता आले नसते.

त्याच आठवड्यात मी तीन टिपर ट्रकांची कर्जे मंजूर केली होती. खनिजाची वाहतूक जोरात होती, हप्ते वेळेवर येत, आणि टिपरला कर्ज देणारा व्यवस्थापक वरिष्ठांच्या नजरेत भरत असे. महिनाअखेरच्या पत्रकात टिपर 'नियमित' खाली गेले आणि काकांचे शेत 'थकीत' खाली. दोन्ही नोंदी माझ्याच हस्ताक्षरातल्या. एका खात्यातली माती दुसऱ्या खात्यात जाऊन साचते आहे, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली.

हे सारे आठवण्याचे कारण असे की गोव्यातल्या खाणी पुन्हा एकेक करून सुरू होत आहेत. २०२२ च्या डिसेंबरात पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला, २०२४ मध्ये डिचोलीतली खाण पुन्हा चालू झाली, आणि बाकीच्याही त्या वाटेवर आहेत. चर्चा होते ती लिलावातल्या बोलीची, सरकारच्या उत्पन्नाची, ट्रकवाल्यांच्या रोजगाराची. या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असे कोण म्हणेल? मी स्वतः ट्रकवाल्यांच्या घरांत जेवलो आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळाच असतो. जूनमध्ये वर पडलेले पाणी खाली कुठून येणार आणि येताना काय घेऊन येणार? या प्रश्नाचे उत्तर खाण चालू आहे की बंद यावर फारसे अवलंबून नाही. आपल्या सार्वजनिक चर्चेत नेमकी हीच गोष्ट हरवते, असे मला वाटते.

थोडा हिशेब मांडू. बँकेतली सवय, सुटत नाही.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सत्तरी, सांगे या घाटालगतच्या भागांत त्याहून जास्त. यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आता एक हेक्टर उघड्या जमिनीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरते दहा लाख लिटर. एखाद्या खाणीचा खड्डा, रस्ते आणि मातीचे ढीग मिळून ५० हेक्टर जमीन उघडी असेल आणि जुलैतल्या एखाद्या दिवशी १५० मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेसात कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचे साडेसात हजार टँकर! जंगल असते तर पालापाचोळा आणि मुळे यांनी बराच भाग अडवून धरला असता. उघडी, रोलरखाली दबलेली, आधीच भिजून तृप्त झालेली माती काही धरत नाही. त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये एक ग्रॅम माती असली, म्हणजे बाटलीत नुसती गढूळ दिसेल एवढीच, तरी दिवसाला ७५ टन माती खाली उतरते. दहा टनी टिपरच्या साडेसात खेपा. माझ्या शाखेने मंजूर केलेल्या तीन टिपरांनी हे काम करायचे म्हटले असते तर डिझेल, चालक, हप्ते असा केवढा खर्च आला असता. पाऊस ते फुकट करतो आणि पावतीही मागत नाही.

ही माती येते कुठून, तेही पाहिले पाहिजे. गोव्याचे लोहखनिज जांभ्याच्या टोपीखाली असते. ते काढायचे तर दर टनामागे अडीच ते तीन टन माती, जांभा आणि चिकणमाती बाजूला काढून टाकावी लागते. ती ठेवायची कुठे? इथे इतिहास आडवा येतो. पोर्तुगीज अमदानीत दिलेले खाणपट्टे लहान, प्रत्येकी साधारण १०० हेक्टरांच्या आतले. १९८७ च्या कायद्याने त्यांचे भारतीय खाणपट्ट्यांत रूपांतर झाले, पण आकार तोच राहिला. खड्डा पट्ट्याच्या मध्ये, खनिज सीमेपर्यंत पसरलेले, मग माती टाकायला जागा उरत नाही. ती गेली पट्ट्याच्या बाहेर, विकत किंवा भाड्याने घेतलेल्या जमिनींवर, डोंगरउतारांवर, ओहोळांच्या काठांवर. डोंगराशेजारी दुसरा डोंगर उभा राहिला. फरक एवढाच, की पहिल्याला अंगावर कातळ आणि झाडे होती, दुसरा नुसताच भुसभुशीत. गोव्यात त्याला सरळ 'डंप' म्हणतात. मुलांच्या निबंधातही तो शब्द येतो.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. उपाय इतके साधे आहेत, की कोणत्याही कुळागराच्या मालकाला ते समजावून सांगावे लागू नयेत. पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छ पाणी घाण पाण्यात मिसळू द्यायचे नाही. खाणीच्या वरच्या अंगाला जंगलातून जे पाणी येते ते निर्मळ असते. ते खड्ड्यात किंवा डंपावर शिरले, की सगळेच गढूळ होते आणि निवळायच्या पाण्याचे आकारमान दुप्पट-तिप्पट होते. म्हणून खाणीच्या भोवती, गळ्यातल्या हारासारखा चर खणतात. अभियंते त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. वरचे पाणी त्या चरातून बाजूने ओढ्याला जाते. मोरीचे पाणी आणि पिण्याचे पाणी एका हंड्यात भरू नये, हे घरातल्या बाईला जे ठाऊक असते तेच. डंपाला एकच उंच सरळ उतार न देता पायऱ्या काढायच्या. प्रत्येक पायरीचा कल आतल्या बाजूला ठेवायचा, म्हणजे पाणी उतारावरून उडी न मारता आत वळून नालीतून उतरते. पायथ्याशी दगडांची संरक्षक भिंत. उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत आणि झाडे. आणि शेवटी, हे सगळे करूनही जे गढूळ पाणी उरेल, ते नाल्यात सोडण्यापूर्वी तळ्यात साठवून गाळ खाली बसू द्यायचा.

या शेवटच्या तळ्याविषयी जरा थांबून बोलले पाहिजे, कारण सगळी फसगत तिथेच होते. काकांच्या बाटलीत मी आठ दिवस जे पाहिले तेच शास्त्र तिथेही चालते. एक दशांश मिलिमीटरचा रेतीचा कण स्तब्ध पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटे घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, पिठासारख्या कणाला सुमारे तीन तास लागतात. चिकणमातीचा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण तोच एक मीटर उतरायला बारा-तेरा दिवस घेतो. आता १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद, ३ मीटर खोल असे तळे घ्या. कागदावर ते भलेमोठे दिसते. त्यात मावते दीड कोटी लिटर पाणी. वरून दिवसाला साडेसात कोटी लिटर येत असेल तर तळे दिवसात पाच वेळा भरून रिकामे होणार. म्हणजे पाण्याला आत थांबायला मिळतात पाच तासही नाहीत. रेती बसेल. पिठासारखा गाळ जेमतेम निम्मा बसेल. चिकणमाती तशीच पुढे जाईल, आणि शेत लाल होते ते तिच्यामुळेच. त्यातून मागच्या पावसाळ्यातला गाळ उन्हाळ्यात उपसला नसेल, तर तळे अर्धे आधीच भरलेले. मग पाण्याचा वेग वाढतो, आणि तळाशी बसलेला गाळही उठून बाहेर पडतो. असे तळे असून नसल्यासारखे. तरीही तपासणीच्या अर्जावर 'सेटलिंग पाँड आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय' लिहिता येते. नकाशावर तर ते निळ्या रंगात फार सुंदर दिसते.

चिकणमाती बसवायलाही युक्ती आहे. आमच्या आजोळी पावसाळ्यात आजी हंड्यातल्या पाण्यातून तुरटी फिरवायची. कुणाकडे निवळीची बी उगाळून घालत. सुटे सुटे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. खाणींवरही अशी द्रव्ये वापरता येतात, एकामागोमाग एक अशी तीन-चार तळी करता येतात. फक्त त्याला खर्च येतो, आणि तो खर्च चार महिने रोज करावा लागतो. रविवारीही.

काकांच्या शेताकडे परत येतो. त्या लाल गाळाचा थर सुकला की फरशीसारखा होतो. पाणी मुरत नाही, रोपाचे मूळ शिरत नाही. शेतातले पाट बुजतात, ओहोळाचे पात्र उथळ होते, म्हणून पुढल्या वर्षी तेवढ्याच पावसात पूर येतो. नुकसानभरपाई मिळायची, नाही असे नाही. आमच्या शाखेतल्या काही पासबुकांत वर्षाला एकच जमेची नोंद असे, तीच ती. पण भरपाई त्या सालच्या पिकाची. गाळ तर शेतातच राहिला. दोन-तीन वर्षांत शेत पडीक झाले, की पुढे प्रश्न यायचा, "जिथे पेरलेच नाही तिथे नुकसान कसले?" मी हा युक्तिवाद माझ्या टेबलासमोर ऐकला आहे आणि खेदाने सांगतो, तेव्हा तो मला बिनतोड वाटला होता. काकांचे कर्ज मी नूतन केले नाही. नियमात बसत नव्हते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली जातात, त्यामुळे आतले पाणी सतत उपसावे लागते. या उपशाने आजूबाजूच्या विहिरी आटल्या. शिरगावचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला. पण काही गावांत याच उपशाचे पाणी उन्हाळ्यात वायंगणाच्या शेतीला मिळू लागले, आणि खाणी बंद पडल्यावर "पंप चालू ठेवा" अशी मागणी शेतकऱ्यांनीच केली. झरी आटल्या होत्या, आता पंपही थांबला. खाणीच्या प्रश्नात काळे-पांढरे वेगळे काढायला बसलेला माणूस इथे चक्रावून जातो.

आता कायद्याकडे. कायदा नव्हता असे म्हणायची सोय नाही. खनिज संवर्धन व विकास नियम १९८८ पासून आहेत. डंपातली माती अपायकारक प्रमाणात बाहेर पडू नये, तिच्यामुळे पूर येऊ नये अशा रीतीने डंप सुरक्षित करावेत, असे त्यांत स्वच्छ लिहिले होते. २०१७ मध्ये नवे नियम आले. नियमांची शाई कधीच पुसट नव्हती. २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या एप्रिलमध्ये निकाल आला. पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, पट्ट्याबाहेर माती टाकता येणार नाही, वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त उत्खनन नको, असे न्यायालयाने सांगितले. मग नूतनीकरण झाले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने रद्द झाले, आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या.

पहिल्या बंदीनंतर माझ्या जुन्या शाखेतले टिपर रांगेने थकीत झाले. आमच्याकडच्या नव्या व्यवस्थापकाचा फोन आला होता. आवाजातच सगळे कळले. सरकारला कर्जदारांसाठी सवलत योजना आणावी लागली. त्या धामधुमीत एक गोष्ट फार थोड्यांनी विचारली. चर कोण उपसणार? खाण बंद झाली म्हणजे यंत्रे थांबली, माणसे घरी गेली. डंप तिथेच उभे, खड्डे तिथेच उघडे. चालू खाणीत निदान पंपावर एक माणूस असतो, रात्री तळे फुटायला लागले तर कुणीतरी फोन करतो. बंद खाणीत पहारेकरी असतो आणि त्याचे काम भंगार चोरीला जाऊ नये एवढेच. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने ८८ जुन्या पट्टेधारकांना महिन्याभरात जागा रिकामी करायला सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण तारखेकडे पाहा. महिना संपला तेव्हा पावसाळा दारात उभा होता.

इथे माझ्या जुन्या धंद्यातला एक मुद्दा येतो, म्हणून जरा आग्रहाने मांडतो. खाण शास्त्रशुद्ध रीतीने बंद करण्याची हमी म्हणून खाणमालकाला आर्थिक तारण द्यावे लागते. हे बहुधा बँक गॅरंटीच्या रूपात असते, म्हणजे माझ्यासारख्याच कुणाच्या तरी सहीने. २००३ मध्ये मोठ्या खाणींसाठी हे तारण होते हेक्टरी २५ हजार रुपये. २०१७ मध्ये ते तीन लाख झाले, २०२१ मध्ये पाच लाख. वाढ चांगलीच आहे. पण ते तारण मोजले जाते वापरात आलेल्या हेक्टरांवर, आणि त्याची आठवण होते ती खाण संपताना. डंप किती उंच आहे, खाली शेत आहे की खडक, तळ्यातला गाळ मे महिन्यात उपसला की नाही, याच्याशी त्या रकमेचा काही संबंध नाही. बँकेत आम्ही मालावर कर्ज दिले तर दरमहा गोदामाची तपासणी करायचो. माल हलला, की कर्जाची मर्यादा खाली. खाणीच्या हमीला तशी मासिक तपासणी का नसावी? ३१ मे पर्यंत चर आणि तळी रिकामी झाल्याचा दाखला नाही, तर हमीचा एक हिस्सा आपोआप जप्त, आणि त्या पैशातून पंचायतीने यंत्र लावून गाळ उपसायचा. जुलैत भर पावसात, खाणीतून बाहेर पडणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा नमुना घ्यायचा, गावातल्या दोन माणसांच्या साक्षीने. हिवाळ्यात घेतलेला नमुना काय सांगणार? तेव्हा सगळेच नाले सज्जन असतात.

हे आज तातडीचे आहे त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या डंपांत कमी प्रतीचे खनिज आहे आणि त्याला आता बाजार आहे. ते उचलण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये धोरण आणले. डंप हटले तर बरेच, असे वरवर वाटते. पण वीस-तीस वर्षांत कित्येक डंपांवर अकेशिया उभा राहिला, गवत धरले, पावसाने जे वाहून जायचे ते गेले. हे ढीग आता बऱ्यापैकी स्थिरावले आहेत. त्यांना पुन्हा कुदळ लावणे म्हणजे खपली काढणे. काढायचीच असेल तर आधी पायथ्याची भिंत, आधी चर, आधी तळे, मग यंत्र. आणि एका पावसाळ्यापूर्वी जेवढे हटवून झाकता येईल तेवढेच उघडायचे. साळावलीच्या पाणलोट क्षेत्रातही खाणपट्टे आहेत आणि दक्षिण गोव्याच्या नळाला येते ते त्याच धरणाचे पाणी. तेव्हा मडगावात राहणाऱ्यानेही हा प्रश्न डोंगरातल्या लोकांचा म्हणून सोडून देऊ नये.

मागच्या उन्हाळ्यात मी त्या गावात गेलो होतो. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा पन्नाशीचा. पूर्वी टिपर चालवायचा, दोन्ही बंदींत घरी बसला, आता काजू आणि थोडी भाजी करतो. वडिलांच्या शेताचा एक तुकडा त्याने गाळ काढून पुन्हा लागवडीला आणला आहे. तो मला वर खाणीच्या सीमेपर्यंत घेऊन गेला. तळे होते. काठावर गवत छातीएवढे. पाणी आटले होते आणि तांबडा गाळ भेगाळून काठाच्या हातभर खालीपर्यंत चढला होता. त्याने तिथे एक बांबू रोवून त्यावर चुन्याने रेघा मारल्या होत्या, वितीवितीने.

"पंचायतीला कळवले का?" मी विचारले.

"कळवलें. सोमवारी येतात म्हणाले." तो थोडा हसला आणि बांबू हलवून घट्ट आहे ना ते पाहिले. "पावस आयतारा लेगीत पडटा, सायबा."